येशूच्या मागें चालणारे

'ख्रिस्ती' हा शब्द ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रांत किती वेळां आला आहे, असें कोणी विचारिलें, तर शेंकडों वेळां आला असेल असेंच उत्तर आमच्या बहुतेक वाचकांकडून मिळेल. वस्तुस्थिति अशी आहे कीं, सबंध नव्या करारांत हा शब्द अवघा तीन वेळां आलेला असून चार शुभवर्तमानांपैकीं एकांतहि तो एकदांसुद्धां आलेला नाहीं. अंत्युखिया शहरांत येशूच्या शिष्यांस हें नांव प्रथम पडलें, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकांत नमूद आहे. त्यापूर्वीं त्यांच्या पंथास लोक नुसतें 'मार्ग' म्हणत. येशूनें स्वतः कोणास नांव दिलें नाहीं, कोणाची नोंदवही ठेविली नाहीं. मासे धरणाऱ्यांस, जकातीच्या नाक्यावर बसलेल्या लेवीस, वाटेंत भेटलेल्या कोणासहि त्यानें एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे आपल्या मागून चालत येण्याची. वारकऱ्यास वारकरी हें नांव त्याच्या मतांवरून पडलेलें नाहीं, तो वारी करितो यावरून पडलें आहे, हें महाराष्ट्रीयांस सांगावयास नको. शुभवर्तमानांतील शिष्याची व्याख्या याच जातीची आहे. जो चालतो तो अनुयायी. जो बसून राहिला त्यानें कितीहि मोठ्यानें प्रभूचें नांव घेतलें, तरी त्याची ओळख प्रभूस पटणार नाहीं, असें डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस येशूनें कोणाची भीड न धरितां सांगून ठेविलें आहे.

हा विषय आज काढण्याचें कारण छत्रपती संभाजीनगर ऊर्फ पूर्वींचें औरंगाबाद शहर व त्याच्या पूर्वेकडील मुकुंदवाडी हा भाग होय. मुकुंदवाडी हें एके काळीं वेगळें खेडें होतें. आतां तें जालना रस्त्यालगतच्या शहरांत मिसळून गेलें आहे. चिकलठाण्याचे कारखाने व विमानतळ जवळ आहेत, आणि रेल्वेचें लहानसें स्टेशनहि गांवाच्या नांवानेंच आहे. या स्टेशनाचें नांव २०१९ च्या जुलै महिन्यांत जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलें, तें कांहीं भूषणास्पद कारणासाठीं नव्हे. मुकुंदवाडींतील गरीब घरांतील नऊ-दहा वर्षांचीं मुलें शाळा सुटल्यावर रिकामीं भांडीं घेऊन आगगाडींत चढत, शहराच्या मुख्य स्टेशनावर उतरून तेथल्या नळावर पाणी भरीत, आणि परतीच्या गाडीनें तीं भरलेलीं भांडीं घरीं आणीत. जाऊन येऊन हा प्रवास सुमारें चौदा किलोमीटरांचा. गाडी उशिरां आली तर तीं मुलें फलाटावर ताटकळत बसत, गाडींत गर्दी असली तर उतारूंच्या शिव्या खात. घरीं नळ नाहीं, आणि खासगी टँकरचें पाणी विकत घेण्याची आईबापांची ऐपत नाहीं, एवढेंच याचें कारण होतें.

या शहरांत येशूच्या नांवाच्या संस्था नव्या नाहींत. छावणींत इंग्रजी अमदानींतील देऊळ उभें आहे. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचें काम एकोणिसाव्या शतकापासूनचें आहे. रोमन कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. त्यांच्या शाळांत आपल्या मुलांस प्रवेश मिळावा म्हणून सर्व धर्मांचे सुखवस्तु लोक खटपट करितात. या सर्व मंडळ्यांत दर रविवारीं येशूच्या मागें जाण्याचा उपदेश होत असतो. तेव्हां आमचा प्रश्न असा आहे: मुकुंदवाडीच्या फलाटावर रिकामें भांडें घेऊन बसलेलें मूल आणि हा उपदेश यांचा शुभवर्तमानाप्रमाणें संबंध काय?

शुभवर्तमान वाचलेल्या मनुष्यास हा प्रश्न दुरान्वयाचा वाटणार नाहीं. किंबहुना पाण्याइतका साधा पदार्थ दुसऱ्या कोणत्याहि धर्मसंस्थापकानें मोक्षाच्या हिशेबांत इतक्या स्पष्टपणें धरिला असेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. लहानांपैकीं एकास शिष्य म्हणून कोणी थंड पाण्याचा पेला दिला, तर त्याचें फळ बुडणार नाहीं, असें येशूनें आपल्या बारा जणांस धाडतांना सांगितलें. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत अखेरच्या न्यायनिवाड्याचें जें चित्र आहे, त्यांत राजा लोकांस कोणतें मत मानितां, कोणत्या पंथांत बाप्तिस्मा घेतला, त्रैक्याचा अर्थ काय समजतां, यांपैकीं एकहि प्रश्न विचारीत नाहीं. मी भुकेला होतों, तान्हेला होतों, उघडा होतों, बंदींत होतों, तेव्हां तुम्ही कोठें होतां, या आशयाचीच सगळी चौकशी आहे. दोषी ठरलेले लोक चकित होतात, कारण त्यांस राजा कधीं तान्हेला दिसलाच नव्हता. त्यांस तान्हेलीं माणसें दिसलीं होतीं. पण तीं माणसें लहान होतीं, आणि लहानांकडे पाहण्याची त्यांस सवय नव्हती.

याहूनहि आमच्या देशास जवळची गोष्ट योहानाच्या चौथ्या अध्यायांत आहे. भर दुपारीं थकून येशू शोमरोन प्रांतांतील एका विहिरीवर बसला असतां तेथें पाणी भरण्यास आलेल्या बाईपाशीं त्यानें पाणी मागितलें. बाई आश्चर्यानें थक्क झाली, कारण यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत व त्यांच्या भांड्यांतलें पाणी पीत नसत. युरोपांतील टीकाकारांस येथें तळटीप द्यावी लागते. मराठी वाचकास तिची गरज नाहीं. ज्या देशांत जोतीराव फुले यांस १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा करावा लागला व तेवढ्यासाठीं लोकनिंदा सोसावी लागली, आणि ज्या देशांत २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस हजारों माणसें घेऊन जावें लागलें, त्या देशांत ही कथा पॅलेस्टाइनची वाटतच नाहीं. एक विशेष मात्र ध्यानांत घेण्यासारखा आहे. येथें उच्च मानलेला मनुष्य हलक्या मानलेल्या बाईस पाणी देत नाहीं, तर तिच्यापाशीं मागतो. दान देणाराचा हात वर असतो. मागणाराचा खालीं असतो. येशूनें खालचा हात पत्करिला. आमच्या दानशूर गृहस्थांस व मिशनच्या चालकांसहि ही गोष्ट अजून नीटशी पचलेली दिसत नाहीं.

पंडिता रमाबाईंस ती पचली होती. १८८३ सालीं इंग्लंडांत वॉण्टेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचें मन कशानें वळलें हें फारसें कोणी विचारीत नाहीं. फुलहॅम येथें पतित म्हणून समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीं तेथल्या भगिनींनीं चालविलेलें गृह रमाबाईंनीं पाहिलें, आणि या स्त्रियांची इतकी कळकळ तुम्हांस कां, असें विचारिलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांस याच शोमरोनी बाईची कथा वाचून दाखविली. आपल्या साक्षींत रमाबाईंनीं हें स्वतः लिहून ठेविलें आहे. धर्मशास्त्रें त्यांस आईबापांनीं लहानपणींच मुखोद्गत करविलीं होतीं. युक्तिवादांत त्या कोणास हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांस जिंकिलें तें विहिरीवरच्या त्या संभाषणानें. आणि बाप्तिस्मा घेतल्यावरहि, धर्माच्या बाबतींत अमुक पुरोहित सांगतो म्हणून मान डोलविण्याचें त्यांनीं साफ नाकारिलें. आपल्या इंग्रज गुरुभगिनींशीं त्यांनीं केलेला कडक पत्रव्यवहार आज छापलेला उपलब्ध आहे. येशूच्या मागें जाणें आणि येशूच्या मागें गेलेल्या गोऱ्या माणसांच्या मागें जाणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें या ब्राह्मण विधवेनें जितकें लवकर ओळखिलें तितकें त्या काळच्या फारच थोड्या देशी ख्रिस्त्यांनीं ओळखिलें असेल. पुढें १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत त्यांनीं अनाथ मुली व विधवा शेंकड्यांनीं केडगांवीं आणिल्या, त्यांस अन्न दिलें, विद्या दिली, धंदे शिकविले, आणि तेथल्या कोरड्या जमिनींत विहिरी खोदविल्या.

येथें एक आक्षेप येईल, व तो उडवून लावण्यासारखा नाहीं. पाणी पाजणें हेंच जर अनुयायित्व, तर मग नगरपालिकेचा जलखात्याचा इंजिनियर हा सर्वांत श्रेष्ठ ख्रिस्ती ठरला. आणि प्रार्थना, उपासना, पश्चात्ताप, क्रूस यांस काय अर्थ उरला? ख्रिस्ती बंधु म्हणतील कीं, सुधारक लोक शुभवर्तमानांतून आपल्याला सोईचा तेवढा परोपकार उचलितात व बाकीचें टाकून देतात. आक्षेप कांहीं अंशीं खरा आहे. शुभवर्तमान हें समाजसेवा मंडळाचें नियमपत्रक नव्हे. पण त्या ग्रंथांत मागें येण्याची जी किंमत सांगितली आहे, ती परोपकारापेक्षां कमी नसून फार जास्त आहे, हेंहि आक्षेपकांनीं विसरूं नये. श्रीमंत तरुण येशूकडे आला, तो सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळणारा होता. त्यास मालमत्ता विकून गरिबांस वांटण्यास सांगितलें, तेव्हां तो खिन्न होऊन परत गेला. येशूनें त्यास हांक मारून अटी सैल केल्या, असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. दुसऱ्या एकास कोल्ह्यांस बिळें व पांखरांस घरटीं असतात, आपल्याला तेवढेंहि नाहीं, असें आधींच बजावून ठेविलें. बुरूज बांधणारानें आधीं खर्चाचा अजमास करावा, नाहींतर अर्धवट काम पाहून लोक हंसतील, असाहि दृष्टान्त आहे. इंजिनियरास पाणी दिल्याबद्दल पगार मिळतो, व तो मिळालाच पाहिजे. मागें चालणाराचें पाणी त्याच्या स्वतःच्या घागरींतून कमी व्हावयाचें असतें. प्रार्थना आणि क्रूस यांचा संबंध येथेंच येतो. आपली घागर रिकामी करण्याचें बळ पुष्कळांस प्रार्थनेवांचून येत नाहीं, असा त्या मार्गावरील लोकांचा अनुभव आहे, आणि त्याची थट्टा करण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घराण्याची कथा या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें टिळकांस नव्या कराराचें पुस्तक दिलें. वाचीन असें वचन दिल्यामुळें ते वाचूं लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं त्यांचें मन खिळून गेलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण आम्हांस त्याहून बोधप्रद वाटतो तो त्यांच्या पत्नीचा प्रवास. लक्ष्मीबाई कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर पतीकडे परत आल्या, तेव्हां त्यांचें सोवळें, स्वयंपाक व पाणी सर्व वेगळें होतें. पुढें जातिभेद हा देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, हें त्यांच्या मनानें विचार करून घेतलें, आणि त्यांनीं कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं, झाला. त्यांच्या आयुष्यांत पाणी आधीं व नांव मागून आलें. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पुष्कळदां हा क्रम उलट होतो, आणि दुसरी पायरी यावयाची राहूनच जाते. नगर जिल्ह्यांत व मराठवाड्यांत ख्रिस्ती झालेल्या पूर्वाश्रमीच्या महार व मांग कुटुंबांत बेटीव्यवहाराची जुनी भिंत पिढ्यान्पिढ्या तशीच राहिली, हें त्या समाजांतील विचारी लोक खाजगींत कबूल करितात. एकाच मेजावरची भाकर व एकाच पेल्यांतला द्राक्षरस घेणारीं दोन कुटुंबें सोयरीक जुळवितांना जर एकमेकांची जुनी जात विचारीत असतील, तर त्या पेल्यास काय म्हणावें?

टिळकांनीं आयुष्याच्या शेवटीं, १९१७ सालीं, मिशनची नोकरी सोडिली, संन्यास घेतला, आणि 'देवाचा दरबार' काढिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यांनीं बंधु म्हणून जागा दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण येशूपाशीं पोहोंचलों, असें सांगणाऱ्या या मनुष्यास, मिशनच्या आवारांत राहून मिशनच्या पगारावर जगणारा ख्रिस्ती समाज देशांत परका होत चालल्याचें दुःख होतें. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले, व दरबाराचें काम फारसें वाढलें नाहीं. परंतु त्यांनीं टाकलेला प्रश्न शिल्लक आहे: नोंदवहींत नांव नसलेला मनुष्य येशूचा अनुयायी असूं शकतो किंवा नाहीं?

या प्रश्नास आजच्या मराठवाड्यांत एक अगदीं व्यावहारिक बाजू आहे, आणि तीविषयीं मौन धरणें अप्रामाणिकपणाचें होईल. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र यांच्या आयोगानें २००७ सालीं ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. ती अमलांत आली नाहीं. २०२२ च्या ऑक्टोबरांत न्यायमूर्ति बाळकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरा आयोग नेमण्यांत आला. नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, जो प्रत्यक्षांत ख्रिस्ती धर्म आचरितो त्यानें केवळ नोकरीच्या सवलतीसाठीं आपण हिंदु आहों असें म्हणतां येणार नाहीं. परिणाम असा होतो कीं, खेड्यांतून मजुरीसाठीं शहरांत आलेला मनुष्य रविवारीं येशूचें भजन करितो आणि सोमवारीं कचेरींतील अर्जावर जुनी जात लिहितो. धर्मगुरु त्यास भित्रा म्हणतात, सरकार लबाड म्हणतें, आणि शेजारी तर त्यास अस्पृश्याखेरीज दुसरें कांहीं म्हणतच नाहींत. कारण धर्म बदलल्यानें विटाळ बदलतो, असें आमच्या शेजाऱ्यांस कधींच वाटलें नाहीं.

आमच्या मतें हा कायदा अन्यायाचा आहे. अस्पृश्यतेचा चटका जन्मानें बसतो, उपासनेनें जात नाहीं, हें शिखांच्या व बौद्धांच्या बाबतींत सरकारनें मान्य केलें, मग ख्रिस्ती मांगाच्या पोरास तो चटका बसत नाहीं असें समजण्यास आधार काय? परंतु धर्मगुरूंस आम्हांस अधिक बोलावयाचें आहे. अरिमथाईकर योसेफ हा भीतीमुळें गुप्तपणें शिष्य राहिला होता, असें योहान लिहितो. निकदेम रात्रीं लपून आला होता. येशू क्रूसावर मेला त्या संध्याकाळीं उघड शिष्यांपैकीं बहुतेक पळून गेले होते, आणि पिलातापाशीं जाऊन प्रेत मागण्याचें धैर्य केलें तें या गुप्त शिष्यानेंच. मसाले घेऊन आला तो निकदेम. उलट, सर्वांत मोठ्यानें निष्ठा सांगणारा पेत्र एका दासीच्या प्रश्नापुढें टिकला नाहीं, आणि तरीहि त्यास टाकून देण्यांत आलें नाहीं. अर्जावर खोटें लिहावें असें आम्ही म्हणत नाहीं. खोटें तें खोटेंच. परंतु ज्या मंडळीच्या पंचांनीं त्या गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाचा भार कधीं उचलिला नाहीं, मंडळीच्या शाळेंत त्यास फी माफ केली नाहीं, त्यांस त्याच्या अर्जाची झडती घेण्याचा अधिकार कोठून आला, एवढेंच आम्ही विचारितों.

आतां हिंदु वाचकांपैकीं कित्येकांस हा सगळा दुसऱ्याच्या घरचा पंचनामा वाचून समाधान वाटत असेल. त्यांनीं पैठण आठवावें. काशीहून रामेश्वरासाठीं आणलेलें गंगेचें पाणी वाळवंटांत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत ओतणाऱ्या एकनाथांचें तें गांव. आज या शहरास पाणी येतें तें त्याच पैठणच्या नाथसागराचें, सुमारें पन्नास किलोमीटरांवरून. आणि त्या जलाशयास नाथांचेंच नांव आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें नहर बांधून या नगरास खापरी नळांतून पाणी पुरविलें. एकविसाव्या शतकांत मोठें धरण उशाशीं असतां मुकुंदवाडीचीं मुलें आगगाडीनें पाण्यास गेलीं. १६८० कोटी रुपयांच्या नव्या जलयोजनेचें भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्यें झालें. पुढें खर्च अडीच हजार कोटींवर गेला. इतक्या वर्षांत शहराच्या नांवासाठीं झालेल्या सभा, मोर्चे व भाषणें मोजलीं, तर नळासाठीं झालेल्या सभांशीं त्यांचें प्रमाण काय पडेल, हें वाचकांनींच ठरवावें. २०२३ सालीं नांव बदललें.

ख्रिस्ती मंडळ्यांची संख्या थोडी, द्रव्यबळ बेताचें, आणि नळ घालणें हें काम सरकारचें व पालिकेचें, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं शहरास पाणी पुरवावें असें कोणीच म्हणत नाहीं. परंतु शाळांचीं व देवळांचीं आवारें त्यांचीं आहेत, त्यांत कूपनलिका आहेत, फाटकें आहेत, आणि फाटकांस कुलुपें आहेत. टंचाईच्या महिन्यांत तें फाटक सकाळ-संध्याकाळ दोन दोन तास उघडें ठेवावें. येणाराची जात, धर्म किंवा रविवारची हजेरी विचारूं नये. पाणी भरण्याच्या रांगेंत मंडळीच्या पंचांच्या बायकांनींहि आपल्या घागरी घेऊन उभें राहावें. पालिकेकडे नळजोडणीचा अर्ज लिहितां येत नाहीं अशा कुटुंबांचे अर्ज मंडळींतील शिकलेल्या तरुणांनीं लिहून द्यावे व कचेरींत खेटे घालावे. यास परदेशची देणगी लागत नाहीं, बिशपची परवानगीहि बहुधा लागू नये. आणि पुढच्या वार्षिक सभेंत, बाप्तिस्मे किती झाले व वर्गणी किती जमली हे आंकडे वाचून झाल्यावर, चिटणिसांनीं आणखी एक आंकडा वाचावा: आपल्या देवळाची घंटा जेथवर ऐकूं येते तेवढ्या टापूंत किती घरांत अजून डोक्यावरून पाणी येतें.